पाडेल्याचं मनगट: एका शस्त्रक्रियेआधी केलेलं स्नायूंचं सिम्युलेशन

रुग्ण वेंगुर्ल्याच्या बाजूचा पाडेली, म्हणजे माडांवर चढून नारळ पाडणारा. चाळिशीच्या आतला, उजव्या हाताचा, कमरेच्या आकडीत कोयता अडकवून दिवसभर माडांवर असणारा. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील मुद्दाम बदलले आहेत. माडाच्या मध्यावरून तो घसरला. खाली तोडलेल्या झावळांचा ढीग होता म्हणून जीव वाचला, पण उजवा दंड मोडला.

हाड खालच्या तिसऱ्या भागात मोडलं होतं, आणि तिथेच खरी गोम आहे. मनगट उचलणाऱ्या आणि बोटं उघडणाऱ्या स्नायूंना चालवणारी रेडिअल नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून पुढे येते आणि त्या भागात हाडाला अगदी लगटून असते. दंडाचं हाड मोडलेल्या साधारण १२ टक्के रुग्णांत ती दुखावते. बहुतेकांची आपोआप सुधारते, म्हणून सहसा वाट पाहतात. याचंही तसंच केलं. प्लेट बसवताना नस तुटलेली नव्हती, चेचलेली होती. नस रोज सुमारे १ मिलिमीटर वाढते, त्या हिशेबाने कोपराजवळच्या स्नायूंत काही महिन्यांत हालचाल दिसायला हवी होती. ती दिसली नाही. ईएमजीत, म्हणजे स्नायूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या तपासणीतही, काही आलं नाही. वर्ष उलटून गेलं. इतका काळ नसेविना राहिलेल्या स्नायूला पुढे नस येऊन मिळाली तरी तिचा उपयोग होत नाही. तेव्हा नसेची आशा सोडून टेंडन ट्रान्स्फरचा विचार सुरू झाला.

हात कसा झाला होता, हे वाचकाला स्वतःच्या हातावर पाहता येईल. मनगट पूर्ण पुढे वाकवा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळा. आवळत नाही. मूठ आवळणारे स्नायू शाबूत असले तरी मनगट मागे धरून ठेवणारं कोणी नसेल तर त्यांचा जोर मनगट वाकवण्यातच खर्च होतो. याच्या हाताला मनगट उचलता येत नव्हतं, बोटं उघडता येत नव्हती आणि अंगठा बाहेर काढता येत नव्हता. कोयता धरला तर घाव घालायच्या आधीच मनगट लोंबायचं.

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा. टेंडन ट्रान्स्फर म्हणजे चालू असलेल्या स्नायूचं टेंडन सोडवून ते बंद पडलेल्या स्नायूच्या टेंडनला शिवायचं. भारतात या शस्त्रक्रियेला मोठा इतिहास आहे. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होते आणि कुष्ठरोगाने आखडलेले हात त्यांनी अशा ट्रान्स्फरने कामाला लावले. त्यांचं दुसरं काम कमी लोकांना ठाऊक आहे. हाताचा प्रत्येक स्नायू किती ताकदीचा आणि किती लांब खेचू शकतो, हे त्यांनी मोजून मांडलं. आजच्या सिम्युलेशनची मुळं तिथेही आहेत.

आमच्या प्रकरणात तीन बदल्या करायच्या होत्या. मनगट उचलायला हात पालथा करणारा प्रोनेटर टेरिस घ्यायचा, यावर वाद नव्हता. अंगठ्यासाठी पामारिस लाँगस. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवलं की मध्यावर उठून दिसतं ते याचं टेंडन. काही लोकांत हा स्नायू नसतोच, याच्यात होता. अडलं ते बोटं उघडण्यासाठी कुठला स्नायू द्यायचा यावर. मनगट वाकवणारे दोन मुख्य स्नायू आहेत: करंगळीच्या बाजूचा फ्लेक्सर कार्पी अल्नारिस आणि अंगठ्याच्या बाजूचा फ्लेक्सर कार्पी रेडिआलिस. पुढे त्यांना करंगळीकडचा आणि अंगठ्याकडचा असंच म्हणतो. जुनी, रुळलेली पद्धत करंगळीकडचा घेते. अंगठ्याकडचा घेण्याची पद्धत ब्रँड यांच्या नावाने ओळखली जाते. दोन्हींना बोटं उघडतात.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितल्यावर रुग्णाने एकच विचारलं: "डॉक्टरांनू, हात उघडात ता समाजला. पण माका कोयतो मारूक जमात काय, ता सांगा." त्या प्रश्नामुळेच प्रकरण माझ्याकडे आलं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, स्नायूंची संगणकी मॉडेलं करतो. डॉक्टरांचा कल आधीपासूनच अंगठ्याकडच्या स्नायूकडे होता. त्यांना तो कल तपासून हवा होता, आणि टेंडन किती ताणून शिवायचं याबद्दल काही हाती लागतं का, तेही पाहायचं होतं.

पहिला प्रश्न साध्या मॉडेलने सुटला, आणि हे मी मुद्दाम सांगतो. फुगणाऱ्या, वाकणाऱ्या, रंगीत स्नायूंची चित्रं पाहून लोक भारावतात. पण निम्म्याहून अधिक प्रश्नांना स्नायू म्हणजे हाडावरून जाणारी एक दोरी, एवढं मानलं तरी पुरतं. या दोरीला बळ कसं द्यायचं याचं गणित ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली बेडकाच्या स्नायूवर केलेल्या मोजमापांतून आलं. फेलिक्स झायाक यांनी १९८९ मध्ये ते आजच्या वापरातल्या रूपात मांडलं. स्कॉट डेल्प आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पायाचं असं मॉडेल केलं, तेच मुळी हाडांच्या शस्त्रक्रिया पडद्यावर आधी करून पाहण्यासाठी. हाताचं मॉडेल होल्झबाउर, मरे आणि डेल्प यांनी २००५ मध्ये दिलं. त्यात खांद्यापासून बोटांपर्यंत १५ स्वतंत्र हालचाली आणि स्नायूंचे ५० भाग आहेत. हे सगळं चालवणारं ओपनसिम हे सॉफ्टवेअर २००७ पासून फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर धावतं.

मॉडेलमध्ये आधी रेडिअल नसेचे सगळे स्नायू बंद केले. मग दोन्ही शस्त्रक्रिया पडद्यावर केल्या आणि दोन्ही हातांकडून कोयता मारून घेतला.

कोयत्याच्या घावाकडे नीट पाहिलं तर मनगट सरळ मागे-पुढे जात नाही. उगारताना ते मागे आणि अंगठ्याच्या बाजूला झुकतं, घाव घालताना पुढे आणि करंगळीच्या बाजूला. हातोडा मारताना हेच, घण घालताना हेच. या तिरक्या रेघेच्या एका टोकाला मनगट उचलणारा स्नायू आहे आणि दुसऱ्या टोकाला नेमका करंगळीकडचा. करंगळीच्या बाजूला ओढणारा आणखी एक स्नायू हाताच्या पाठीवर असतो, पण त्याला रेडिअल नसच चालवते, म्हणजे याच्यात तो आधीच मेलेला. करंगळीकडचा बोटांना देऊन टाकला असता तर घावाच्या दिशेने मनगट ओढायला कोणीच उरलं नसतं. मॉडेलमध्ये त्या दिशेचा जोर जवळजवळ शून्यावर आला आणि मनगट अंगठ्याकडे कलतं राहिलं. असा कल प्रत्यक्षातही येतो, हाताच्या सर्जनांना तो ओळखीचा आहे. कारकुनी करणाऱ्याला हे कदाचित चाललं असतं. पाडेल्याला नाही.

उलट बाजूने विचारायचं ते असं: अंगठ्याकडचा स्नायू बोटं उघडायला पुरेल का? शवांवरच्या मोजमापांत करंगळीकडच्याचं कार्यकारी छेदक्षेत्र (सगळ्या तंतूंच्या आडव्या कापाचं क्षेत्र, यावरून जोर ठरतो) सुमारे ३.४ चौरस सेंटीमीटर आणि तंतूंची लांबी ४ सेंटीमीटरच्या आसपास आहे. अंगठ्याकडच्याचं क्षेत्र २ चौरस सेंटीमीटर, तंतू ५ सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला २२.५ न्यूटन बळ धरलं तर एक सुमारे ७७ न्यूटन देतो, दुसरा ४५. कुणी २२.५ ऐवजी त्याच्या दुप्पट धरतं, त्यामुळे या आकड्यांवर जीव टाकू नये. गुणोत्तर मात्र तेच राहतं. बोटं उघडायला जोर कमी आणि पल्ला जास्त लागतो. सर्जनांचा जुना ठोकताळा सांगतो की मनगटाचे स्नायू ३३ मिलिमीटर सरकतात, बोटं उघडणारे ५० आणि बोटं मिटणारे ७०. म्हणजे मनगटाचा कुठलाही स्नायू बोटांना दिला तरी १७ मिलिमीटर कमी पडणारच. ते मनगटाच्या हालचालीतून भरून निघतात: मनगट पुढे झुकलं की पाठीवरची टेंडनं आपोआप ताणली जातात आणि सुमारे २५ मिलिमीटरची भर पडते. लांब तंतूंचा, कमी ताकदीचा अंगठ्याकडचा स्नायू या कामाला अधिक जुळणारा निघाला. डॉक्टरांचा कल बरोबर होता.

आता दुसरा प्रश्न. टेंडन किती ताणून शिवायचं? इथे दोरी अपुरी पडते.

स्नायूचा जोर त्याच्या सार्कोमिअरच्या, म्हणजे तंतूंमधल्या आखडणाऱ्या सर्वांत छोट्या तुकड्यांच्या, लांबीवर ठरतो. माणसात ती सुमारे २.७ मायक्रॉन असताना जोर सर्वाधिक असतो, आणि ४.२ मायक्रॉनच्या पुढे त्यातले सूक्ष्म धागे एकमेकांना पकडूच शकत नाहीत, जोर संपतो. टेबलावर टेंडन ओढून शिवताना स्नायू या चढउताराच्या कुठल्या जागी आहे ते डोळ्यांना दिसत नाही. हात घट्ट लागला की शिवण चांगली वाटते, पण तो घट्टपणा ताणलेल्या स्नायूच्या निष्क्रिय ताठरपणाचा असतो, जोराचा नसतो. रिचर्ड लीबर आणि यान फ्रिडेन यांनी शस्त्रक्रिया चालू असताना लेझरने सार्कोमिअर मोजले. टेंडन बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त ताणून शिवलं जातं, असं त्यांना आढळलं.

दोरीच्या मॉडेलमध्ये सगळे तंतू एकसारखे ताणले जातात. खऱ्या स्नायूत तसं होत नाही. सिल्व्हिया ब्लेमकर, पिन्स्की आणि डेल्प यांनी २००५ मध्ये दंडाच्या बायसेप्सचं त्रिमिती मॉडेल करून दाखवलं की एकाच स्नायूत जागोजागी ताण वेगळा असतो. आमच्या स्नायूत तर टेंडन स्नायूच्या मधल्या जाड भागाच्या आत शिरलेलं आहे आणि तंतू दोन्ही बाजूंनी तिरके येऊन त्याला मिळतात. शिवाय शस्त्रक्रियेनंतर तो हाताच्या पुढच्या बाजूने अंगठ्याच्या बाजूच्या रेडिअस हाडाची कड ओलांडून पाठीवर जाणार. वळणाच्या आतल्या आणि बाहेरच्या तंतूंना सारखाच ताण कसा बसेल? म्हणून आकार बदलणारा स्नायू हवा होता.

त्याची कृती अशी. कोपरापासून मनगटापर्यंतचा एमआरआय काढायचा. दंडात प्लेट असली तरी ती स्कॅनच्या भागापासून दूर होती. हात डोक्यावर घेऊन स्थिर पडून राहणं मात्र त्याला जड गेलं, आणि काही चित्रं हलली. मग चित्रामागून चित्र घेत प्रत्येक स्नायूची कडा रेखायची. याला आपोआप करणारी साधनं आली आहेत, पण पुढच्या हातात वीसेक स्नायू दाटीवाटीने बसलेले असतात आणि दोघांमधली सीमा अनेकदा हाताने दुरुस्त करावी लागते. पुस्तकी शरीरावर काम भागलं नसतं. अमेरिकेतल्या व्हिजिबल ह्यूमन प्रकल्पातल्या पुरुष-शरीराचे १ मिलिमीटर जाडीचे काप १९९४ पासून उपलब्ध आहेत आणि स्नायूंच्या पहिल्या मोठ्या सिम्युलेशनांपैकी काही त्यांवरच झाली. पण आयुष्यभर माड चढलेल्या हाताचा आकार त्या कापांत कुठून येणार? याचा करंगळीकडचा स्नायू, वर्षभर काम नसूनही, भरलेला होता.

आकार मिळाला की तो बारीक चतुष्फलकांच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या तुकड्यांच्या) जाळीत भरायचा आणि प्रत्येक तुकड्याला तंतूंची दिशा द्यायची. मग येतो पदार्थाचा नियम. मऊ, खूप ताणल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी मूनी यांनी १९४० मध्ये आणि रिव्हलिन यांनी १९४८ मध्ये रबरावर काम करताना जे समीकरण दिलं, त्याच घराण्यातलं समीकरण तंतूंच्या मधल्या भागाला लागतं. त्यावर तंतूंचा स्वतःचा ताठरपणा, आणि त्यावर आकुंचनाचं बळ. अट एकच आणि ती कडक: स्नायूचं आकारमान बदलता कामा नये. पाण्याने भरलेली पिशवी दाबली की बाजूला फुगते, तसा स्नायू आखडला की जाड होतो, एकूण तेवढाच राहतो. सतराव्या शतकात यान स्वामरडॅम यांनी बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत ठेवून हे दाखवलं, तोवर स्नायूत काहीतरी वाहत येऊन तो फुगतो अशी समजूत होती. गंमत म्हणजे स्वामरडॅमना जे सहज दिसलं, तेच संगणकाला सर्वांत अवघड जातं. साध्या चतुष्फलकांवर आकारमानाची अट घट्ट लावली की जाळी आखडून बसते आणि स्नायू असावा त्याहून कितीतरी ताठ भासतो. उत्तर दिसायला छान येतं आणि चुकीचं असतं. त्यासाठी दाब वेगळा अज्ञात म्हणून सोडवणारी पद्धत वापरावी लागते. फीबायो आणि सोफा यांसारख्या मोफत प्रणालींत अशा सोयी आहेत. ज्याला हे काम करायचं आहे त्याने सगळ्यात आधी हा सापळा तपासावा.

मग वेळ. दोरीचं मॉडेल पलक झपकेपर्यंत उत्तर देतं. हे मॉडेल एका स्थितीसाठी तासन्‌तास घेतं, आणि आमच्याकडे जून-जुलैत लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. मधली स्थिती साठवत न चालवलं तर सगळं पाण्यात.

यातून दोन गोष्टी हाती आल्या. एक, स्नायू पुढच्या हाताच्या मध्यापर्यंत आजूबाजूच्या आवरणांपासून सोडवला तर त्याची ओढ बरीच सरळ होते. त्याहून वर सोडवत गेलं तर फायदा फारसा वाढत नाही, आणि तिथे त्याची नस व रक्तवाहिन्या आत शिरतात, म्हणजे धोका वाढतो. डॉक्टरांना हे अनुभवाने ठाऊक होतं, पण या हातात ती सीमा कुठे पडते ते त्यांना चित्रावर बोट ठेवून पाहता आलं. दोन, मनगट आणि बोटं पूर्ण मागे ठेवून टेंडन घट्ट ओढलं, तर हाडाच्या कडेवरून वळणाऱ्या बाजूचे तंतू उताराच्या टोकाकडे जातात, तर दुसऱ्या बाजूचे अजून चांगल्या जागी असतात. सरासरी काढली असती तर सगळं ठीक दिसलं असतं. मॉडेलचं म्हणणं होतं, थोडं सैल ठेवा.

इथे आमचं जुंपलं. डॉक्टरांचा मुद्दा असा: शिवण पहिल्या काही आठवड्यांत सैलावतेच, टेंडन थोडं लांबतंच, म्हणून आम्ही मुद्दाम थोडं जास्त ताणतो. तुमच्या मॉडेलमध्ये शिवण सैलावते का? नाही. व्रण धरतो का? नाही. स्नायू ताणून ठेवल्यावर काही आठवड्यांत नवे सार्कोमिअर घालून स्वतःची लांबी वाढवतो, ते आहे का? तेही नाही. सगळं खरं होतं. त्यात माझ्या बाजूची भर अशी की निष्क्रिय ताठरपणाचे जे आकडे मी वापरत होतो ते प्राण्यांच्या आणि शवांच्या स्नायूंवरून आलेले, आणि त्यांच्यात मोठी तफावत आहे. म्हणून मी मऊ, मध्यम आणि ताठ असे तिन्ही स्नायू धरून पुन्हा चालवलं. कुठला स्नायू घ्यायचा, याचं उत्तर तिन्हींत तेच आलं. किती ताणायचं, याचं उत्तर हललं. तेव्हा मी एक आकडा देण्याऐवजी पट्टा दिला: याहून सैल नको, याहून घट्ट नको. डॉक्टरांनी त्या पट्ट्याच्या घट्ट टोकाजवळ शिवायचं ठरवलं. माझ्या मते तो निर्णय योग्य होता. पट्ट्याच्या आत कुठे थांबायचं हे ज्याच्या बोटांना टेंडन लागतं त्याने ठरवावं. रुग्णालाही आधीच सांगितलं होतं की हे संशोधनाचं साधन आहे, शस्त्रक्रिया त्याच्या हुकमाने होणार नाही.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार आठवडे हात पट्टीत होता. मग फिजिओथेरपी सुरू झाली, आणि हा टप्पा मॉडेलमध्ये कुठेच नाही. मनगट वाकवणारा स्नायू आता बोटं उघडणार, हे मेंदूला शिकवायचं असतं. सुरुवातीला फिजिओताई म्हणायच्या, "मनगट वाकवा," आणि बोटं उघडायची. "हात पालथा करा," म्हटलं की मनगट उचललं जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिल्यापासून. तो वैतागायचा. मग त्यांनी रबरी चेंडू बाजूला ठेवून त्याच्या हातात नारळाचं सोडण दिलं. ते पकडायचं, सोडायचं, पकडायचं. तिथून गाडी पुढे सरकली.

आज तो हात उघडतो, मूठ आवळतो, जमिनीवर बसून कोयत्याने शहाळं तासतो. घावाची दिशा बरोबर येते, जोर पूर्वीइतका नाही. मनगट पूर्ण पुढे वाकवून मूठ मिटायला गेला की पाठीकडचं टेंडन आड येतं. या शस्त्रक्रियेत असं होणार हे आधीपासून माहीत होतं. पण माडाच्या खोडाला हात टाकून धरताना मनगट नेमकं तसंच वाकतं. त्यामुळे हातापायांनी माड चढायचं त्याने सोडलं. केरळात तयार झालेली चढण्याची यंत्रं आता कोकणातही दिसतात. नारळ विकास मंडळ २०११ पासून ती चालवायचं प्रशिक्षण देतं. यंत्रात मनगट सरळ ठेवून दांडा धरावा लागतो, आणि सरळ मनगट याला जमतं. पुतण्याच्या यंत्रावर बुटक्या माडाला त्याने हात लावून पाहिला आहे. उंच माडाला डॉक्टरांची अजून परवानगी नाही.

सैल की घट्ट, हा आमचा वाद मिटलेला नाही. अल्ट्रासाउंडने त्या स्नायूच्या तंतूंची लांबी आणि कोन मोजता येतात. शस्त्रक्रियेआधीची मोजणी आमच्याकडे आहे. पुढच्या तपासणीला तो येईल तेव्हा तीच जागा, तीच मनगटाची स्थिती ठेवून पुन्हा मोजणार आहोत. तंतू लांबले असतील तर डॉक्टरांचं खरं, आणि मॉडेलमध्ये स्नायूची ती वाढ घालायचं काम माझ्या गळ्यात.